घरातल्या सामानातून टेबलावरचं रणांगण: खडकी, ५ नोव्हेंबर १८१७

मुळाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१०

टेबलावरच्या युद्धखेळातल्या २८ मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांसाठी खडकीच्या लढाईचं (पुण्याजवळ पेशवे विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी) टेबल करायचं आहे, त्याचा हा कामाचा धागा. नियम आणि सैनिकांची रंगरंगोटी इथे नको. इथे फक्त टेरेन (टेबलावरची जमीन, टेकड्या, घरं, झाडं), तेही घरात पडून असलेल्या सामानातून: पॅकिंगचा थर्मोकोल, खोकी, काथ्या, सुतळी, फेविकॉल, उरलेला भिंतीचा रंग, कुंड्यांना लावायचा गेरू.

आधी रंगाबद्दल. इंटरनेटवरचे बहुतेक धडे युरोपातल्या कुरणांचे असतात. ती हिरवीगार चादर आपल्या टेबलावर अंथरली की खडकी राहत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या माळावरचं गवत शेंड्याला पिवळं आणि बुडाशी हिरवट असतं. मुरमाड जमीन तांबूस, ओढ्याकडची काळी, कातळ काळपट करडा. टेबलाचे मूळ रंग हेच चार. हिरवा हा पाचवा, आणि तोही फक्त झाडांना नि पिकांना.

मैदानावर हव्यात त्या गोष्टी: मुळेचा काठ, गणेशखिंडीकडच्या टेकड्या, उभी पिकं, शेतांची कुंपणं, दोनचार घरं आणि दलदल. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ त्या दिवशी कंपनीच्या बाजूने हजर होता, त्याच्या वर्णनात उभी पिकं नि कुंपणं स्पष्ट येतात. दलदल तर वगळताच येत नाही. मराठी घोडदळाची मोठी चढाई कंपनीच्या फळीसमोरच्या चिखलातच विस्कटली. ती नसेल तर मराठी सेनापती बापू गोखल्यांच्या बाजूने खेळणाऱ्यावर अन्याय होतो असं नाही, उलट त्याला फुकटचा फायदा मिळतो आणि लढाईच बदलते.

स्केल १:५६ धरू. १ मीटर म्हणजे १८ मिमी, १ फूट म्हणजे साडेपाच मिमी. हे दोन आकडे पुठ्ठ्यावर लिहून कामाच्या जागी चिकटवा. घरातल्या सामानाचं टेरेन फसतं ते बहुतेकदा मापात फसतं, सामानात नाही.

गोणपाट | शुक्रवार, रात्री ९:४८

मस्त धागा. टेकड्यांपासून सुरुवात करू या का? फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल आहे, पण कापला की मणी सुटतात आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. शिवाय एकावर एक थर लावले की पायऱ्या दिसतात. त्या पुट्टीने भरून उतार गुळगुळीत करायचा का?

कातळकडा | शुक्रवार, रात्री १०:२५

पायऱ्या भरू नका! युरोपातल्या टेकडीसाठी तो सल्ला ठीक आहे. आपल्या टेकड्या लाव्हाच्या आडव्या थरांच्या आहेत. घट्ट बेसॉल्टचा थर कड्यासारखा उभा राहतो, त्याखालचा ठिसूळ थर झिजून उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथा सपाट. पर्वती, चतुःशृंगी, वेताळ टेकडी, सगळीकडे हीच ठेवण. थर्मोकोलचे थर इथे आयतेच खरे ठरतात. फक्त सगळे थर सारख्याच उभ्या कडेचे ठेवू नका. एक थर उभा कापा, त्याखालचा ४५ अंशांत तिरका कापा. तिरक्या थरावर २५ मिमीच्या बेसचा (पायाखालच्या चकतीचा) सैनिक घसरतो, म्हणून प्रत्येक थरावर किमान ३० मिमी रुंद सपाट पट्टी सोडा. घोडेस्वाराचा बेस ५० मिमी लांब असतो, म्हणून माथा ६० मिमीपेक्षा अरुंद नको.

थराची जाडी २५ मिमी ठेवा. बहुतेक नियमांत अंतर इंचात मोजतात, त्यामुळे १ थर = १ इंच हे हिशेबाला बरं पडतं.

मणी सुटण्याचं कारण बोथट पातं. कटरचं पातं प्रत्येक मोठ्या कापानंतर एक खाच मोडून नवं करा, पात्याला मेणबत्ती घासा आणि पातं जवळजवळ आडवं धरून लांब ओढा. करवतीसारखं मागेपुढे केलं की मणी उपटले जातात. तापलेल्या तारेने कापणार असाल तर खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेला. धूर निघाला म्हणजे तार गरजेपेक्षा जास्त तापली आहे, थर्मोकोल वितळायला हवा, जळायला नको. तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

मग टेकडीवरची कागदी कातडी. वर्तमानपत्राचे ५ सेंमीचे तुकडे हाताने फाडा (कात्रीने कापले तर कडा उमटतात), फेविकॉल आणि पाणी निम्मे निम्मे, दोन थर, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्यापेक्षा वेगळ्या जागी. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला दीड दिवस लागू शकतो.

नवशिका_११ | शनिवार, सकाळी ७:५५

दादा, थर्मोकोल थर्मोकोलला चिकटवायला काय वापरू? घरी फेविक्विक आहे आणि चपलांना लावतात तो पिवळा गम आहे.

कातळकडा | शनिवार, सकाळी ८:३०

दोन्ही नकोत. पिवळ्या रबरी गममध्ये सॉल्व्हंट असतं, ते थर्मोकोल खातं. इन्स्टंट ग्लूही खळगे पाडतो. स्प्रे पेंटचंही तेच: वरून मारलेला रंग सुंदर दिसतो आणि दहा मिनिटांत खाली पोकळी झालेली असते. पांढरा फेविकॉल वापर. पण तो दोन थर्मोकोलच्या मध्ये कोंडला जातो, पाणी बाहेर जायला वाट मिळत नाही, आणि दोन दिवसांनीही मधोमध ओलाच राहतो. म्हणून संपूर्ण पृष्ठभागावर फासायचा नाही. रेघा ओढायच्या, मध्ये हवा जाईल अशा. वरून टूथपिक किंवा खराट्याच्या हिराचे ४ सेंमी तुकडे तिरके खुपसायचे. तेच खिळे. वर पुस्तकांचं वजन, २४ तास.

स्प्रे मारायचाच असेल तर आधी कागदाची कातडी आणि त्यावर भिंतीच्या इमल्शनचे दोन हात. एक टाचणीएवढं भोक राहिलं तरी सॉल्व्हंट आत जातं.

गोणपाट | शनिवार, सकाळी ९:१२

दिवाळीच्या किल्ल्याची पद्धत इथे चालेल का? गोणपाट मातीच्या काल्यात बुडवून विटांवर टाकायचा. डोंगराच्या घड्या इतक्या छान दुसऱ्या कशानेच येत नाहीत.

मुळाकाठ | शनिवार, सकाळी १०:०५

घड्यांची कल्पना घ्या, साहित्य बदला. अंगणातला किल्ला आठ-दहा दिवस ओला ठेवतात, वर आळीव पेरतात, म्हणून तो टिकतो. टेबलावरची टेकडी वाळते आणि उचलली जाते. काळ्या मातीतलं चिकणद्रव्य पाण्याने फुगतं आणि वाळताना आकसतं. पुन्हा दमट हवा, पुन्हा फुगणं. फेविकॉल घातला तरी भेगा जातात. गोणपाटाची वीणही १:५६ ला फार जाड दिसते, एकेक धागा दोराएवढा.

त्याऐवजी जुनी सुती ओढणी किंवा धोतराचा तुकडा. फेविकॉल २ भाग, पाणी १ भाग, त्यात बुडवून पिळा, थर्मोकोलच्या तिरक्या थरावर अंथरा आणि बोटांनी वरून खाली घड्या ओढा. पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळी अशाच दिसतात. वाळल्यावर वर लेप.

लेपाचं प्रमाण: डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी ३ भाग, फेविकॉल १ भाग, पिठाच्या चाळणीतून चाळलेली वाळू २ भाग, स्टेनर (रंगात मिसळायचा गडद रंग) चार-पाच थेंब. वाळू नसेल तर पांढरी रांगोळी चालते, ती दगडाची पूडच असते. रंगीत रांगोळी घालू नका, ओल्या फेविकॉलमध्ये तिचा रंग फुटतो आणि वरच्या रंगातूनही डोकावतो. पांढऱ्या सिमेंटची कोरडी पुट्टी असेल तर लागेल तेवढीच कालवा, ती डब्यात भरून ठेवता येत नाही, दगड होते. तिची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

लेप एका वेळी ३ मिमीपेक्षा जाड नको. वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं नंतर आकसतं, आणि वरचा फाटतो.

तांबड्या मुरमासाठी गेरू २ चमचे, फेविकॉल १ चमचा, पाणी २ चमचे. नुसता गेरू पाण्यात लावला तर वाळल्यावर बोटाला येतो आणि सैनिकांच्या पायांना लागतो. वाळल्यावर त्यावर पिवळसर मातकट रंगाचा कोरडा हात मारा (ब्रशवरचा बहुतेक रंग पुसून उंचवट्यांवर हलकेच फिरवायचा).

चुनेगच्ची | शनिवार, दुपारी १२:४०

घरांबद्दल मी लिहिते. आधी काय करू नये ते.

मंगलोरी कौलं नकोत. ती १८६५ पासूनची, बासेल मिशनच्या मंगळूरच्या कारखान्यातली. पन्हाळी पत्रा नको, त्याचं पेटंट १८२९ चं. गुलमोहर नको, तो मादागास्करचा. हे तिन्ही आज आपल्याला इतके घरचे वाटतात की हात आपोआप तिकडे जातो, पण १८१७ च्या टेबलावर ते चुकीचेच.

देशावरचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात खरं घर म्हणजे धाब्याचं: मातीच्या जाड भिंती, वर सपाट मातीचं छत. खेळालाही सोयीचं, कारण छतावर सैनिक उभे राहतात.

माप: बाहेरून १०० × ८० मिमी, भिंत ५५ मिमी उंच. खऱ्या मातीच्या भिंतीची जाडी दीड-दोन फूट, म्हणजे ८ ते ११ मिमी. साध्या खोक्याचा ३ मिमीचा पुठ्ठा तीन थर चिकटवला की ९ मिमी होतो. मधल्या थराच्या नाळ्या (पुठ्ठ्यातल्या लाटा) आडव्या, बाहेरच्या दोन्हींच्या उभ्या. सगळ्या एकाच दिशेला ठेवल्या तर भिंत केळीच्या पानासारखी वळते. खऱ्या घरांची दारं बुटकी असत, पण सैनिक ३ मिमीच्या बेसवर उभा असल्याने त्याच्याशेजारी तेवढं दार फारच खुजं दिसतं. दार ३६ मिमी उंच, २० मिमी रुंद ठेवा. खिडक्या एक किंवा दोन, १० मिमीच्या, उंचावर. मोठ्या खिडक्या काढल्या की घर लगेच आजचं दिसायला लागतं.

छत वेगळं, उचलता येणारं. आतून ५ मिमीची पट्टी चिकटवून ते भिंतीत अडकवा. कठडा ८ मिमी. तुळया म्हणून खराट्याचे हीर किंवा उदबत्तीच्या काड्या भिंतीबाहेर ६ मिमी काढा, साधारण १२ मिमी अंतराने, पण एक-दोन ठिकाणी अंतर चुकवा. पावसाचं पाणी जायला पन्हळ: रिकाम्या रिफिलचा १० मिमी तुकडा अर्धा उभा कापून कठड्यात बसवा, आणि त्याखालच्या भिंतीवर ओघळाचा गडद डाग. तो डाग विसरू नका, त्याने घराला वय येतं.

वाड्याची दगडी भिंत हवी असेल तर अंड्यांचा कागदी ट्रे. सपाट भाग कापून ५ मिमी उंच आणि ८–९ मिमी लांब तुकडे करा, ओळी सांध्यावर सांधा न येता लावा. त्या कागदाचा खरखरीतपणा छिन्नीच्या घडाईसारखाच दिसतो, वेगळा पोत द्यावा लागत नाही. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. तसा करायचा तर वरच्या भागात एकेक वीट लावत बसू नका. जुन्या विटा पातळ असत, १:५६ ला एकेक वीट मिलिमीटरभरही होत नाही. बोथट पेन्सिलने दीड-दोन मिमीवर आडव्या रेघा ओढा, उभ्या रेघा तुरळक. डोळा बाकीचं भरून घेतो.

बुरूज_७२ | शनिवार, दुपारी १:१५

कौलारू घर मग कशाने करायचं? नळीच्या कौलांचं हवंय.

चुनेगच्ची | शनिवार, दुपारी २:०२

मोबाइलच्या किंवा पिझ्झाच्या खोक्याचा पातळ पन्हाळी पुठ्ठा. त्याच्या लाटेचं अंतर साधारण साडेतीन मिमी, म्हणजे खऱ्या मापात २० सेंमी. थोडं जास्तच आहे, पण शोभतं. जाड खोक्याची लाट साडेसहा मिमीच्या आसपास येते, ती या स्केलला चालत नाही.

वरचा कागद सोलायला ओल्या स्पंजने एकदाच पुसा, दोन मिनिटं थांबा, कोपऱ्यातून लाटेच्या दिशेने ओढा. जास्त भिजवलं तर आतली खळ सैल होते आणि लाटाच बसतात. सोललेल्या पुठ्ठ्याच्या ६ मिमी रुंद पट्ट्या लाटेला आडव्या कापा. खालच्या वळचणीपासून सुरू करून प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर दीड मिमी चढवा. एकाच मोठ्या तुकड्याने छत झाकलं तर ते पत्र्याचं दिसतं. ओळींची ती बारीक पायरीच कौलांचा भास देते. आढ्यावर कागदाची अर्धगोल पट्टी. रंग गेरूचा, मग पाण्यासारखा पातळ, खाचांत उतरणारा काळा वॉश, मग चार-पाच कौलं मुद्दाम वेगळ्या छटेची.

बाभूळबन | शनिवार, दुपारी ४:२०

झाडं. बाभूळ आणि वड यांची कृती देतो, बाकीची त्यावरून सुचतील.

घरातल्या वायरिंगचे उरलेले तुकडे काढा. २.५ चौरस मिमीच्या वायरीत ०.३ मिमीच्या ३६ तारा असतात, १.५ च्या वायरीत २२. बाभळीला २.५ ची १२ सेंमी वायर एक पुरते. आवरण सोला, खालच्या ३५ मिमीला पीळ द्या, वर सात-सात तारांच्या पाच फांद्या करा, २० मिमी पीळ देऊन पुन्हा तीन-चार तारांत फोडा. बाभूळ ४ ते ६ मीटरची, म्हणजे ७० ते ११० मिमी. फांद्या वर नेऊ नका, बाजूला पसरवा, माथा छत्रीसारखा चपटा. खाली १५ मिमी तार पायासाठी सोडा, ती पसरून बेसला इन्स्टंट ग्लूने चिकटवा आणि वर लेप दाबा.

तांब्यावर नुसता ॲक्रिलिक रंग धरत नाही, वाकवलं की टवका उडतो. आधी फेविकॉल आणि पुट्टी समप्रमाणात दोन हात. दुसरा हात अर्धवट वाळलेला असताना टाचणीने उभ्या रेघा ओढा, साल होते.

पालवी: जुन्या उशीचा किंवा सोफ्याचा फोम, २ सेंमीचे तुकडे, टाकाऊ मिक्सरच्या भांड्यात एक तृतीयांश भरून वर पाणी. ५ सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा ५ सेकंद. कोरडा फिरवला तर स्थिर विजेने भांड्याला चिकटून बसतो आणि मोटर तापते. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. पाणी जुन्या कापडातून गाळा, मोरीत फोमचे कण सोडू नका. रंग: हिरवा २, पिवळी माती १, काळा अगदी टोकभर. पिळून वर्तमानपत्रावर पसरून वाळवा, दोन चाळण्यांतून गाळून जाड-बारीक वेगळं ठेवा.

बाभळीची पालवी विरळ. फांद्यांवर आधी काथ्या पिंजून जाळी करा, त्यावर फेविकॉलचं पाणी शिंपडून बारीक फोम भुरभुरा. आरपार दिसलं पाहिजे. वडाला तीन वायरी, म्हणजे १०८ तारा, एकत्र पिळा आणि जाड फोम भरगच्च लावा. पारंब्यांसाठी सुतळीचे धागे सुटे करून फेविकॉलमध्ये ओढा, वर वजन लटकवून सरळ वाळवा. ओल्या धाग्याला वजन नसेल तर तो कुरळा होतो.

नवशिका_११ | शनिवार, सायंकाळी ५:०५

दादा, चहाचा चोथा गवत म्हणून चालतो असं वाचलंय. आणि राजगिरा, रवा?

बाभूळबन | शनिवार, सायंकाळी ५:४०

धान्य वापरू नकोस. रव्याला किडे लागतात, राजगिरा ओलावा धरतो. चहाचा चोथा चालतो, पण साखर-दुधाचा अंश पूर्ण धुऊन जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढ आणि कडक उन्हात दोन दिवस वाळव. दुधाचा अंश राहिला की बुरशी ठरलेली. तो गवतासाठी नाही, झाडाखालच्या पाचोळ्यासाठी आणि काळ्या मातीसाठी वापर. पांढऱ्या फेविकॉलमध्ये त्याचा तपकिरी रंग उतरतो, म्हणून आजूबाजूला फिकट रंग असेल तर आधी ती जागा झाक.

तोफगोळ्यांसाठी मात्र मोहरी चालते. १०० मिमीचा गोळा १:५६ ला १.८ मिमी होतो, मोठी मोहरी जवळपास तेवढीच. फेविकॉलने रास कर, रंग दे आणि वार्निशने पूर्ण बंद कर. साबुदाणा घेऊ नकोस, ओल्या रंगात फुगतो आणि चिकट होतो.

मुळाकाठ | शनिवार, रात्री ८:३०

पिकं आणि कुंपणं थोडक्यात. ज्वारीसाठी काथ्याचं पायपुसणं. उलटं करून मागच्या बाजूने कटरने ८ मिमी रुंद पट्ट्या कापा. १५ मिमीचा काथ्या म्हणजे खऱ्या मापात ८० सेंमी, त्या दिवसांतल्या ज्वारीला हे योग्य. शेंड्यांना पिवळसर हिरवा कोरडा हात. ओळींमध्ये ३० मिमी अंतर सोडा, नाहीतर बेस शिरत नाही आणि खेळणारा पीक उचलून बाजूला ठेवतो. घोडदळ गेलेल्या जागेसाठी एक-दोन पट्ट्या आडव्या दाबून चिकटवलेल्या वेगळ्या करा, चढाईनंतर उभ्या पट्टीच्या जागी त्या ठेवायच्या. मळलेली वाट दिसायला लागली की टेबलावर खेळ कुठून कुठे गेला ते नजरेत राहतं.

शेराचं कुंपण: आइस्क्रीमच्या काडीवर ३ मिमी अंतराने भोकं, त्यात काथ्याचे पाच-सहा धागे फेविकॉलमध्ये बुडवून रोवा, २५ मिमी उंच, करड्या हिरव्या रंगाचे. काडीच्या कडा पॉलिश पेपरने तिरक्या घासा.

आता दलदल. यावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त खेळ इथे होणार.

आकार वेडावाकडा, साधारण ३० × १५ सेंमी, दोन किंवा तीन तुकडे जोडता येतील असे. पाया ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) किंवा फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा सनबोर्डचा उरलेला तुकडा. एमडीएफ असेल तर दोन्ही बाजूंना आणि कडांना रंग द्या. एकाच बाजूला ओला लेप बसला की पाया बशीसारखा वर उचलतो आणि मग सपाट होत नाही. कडा २० मिमी रुंदीत तिरक्या घासा.

लेपात वाळू कमी, पुट्टी जास्त: ४ भाग पुट्टी, १ फेविकॉल, अर्धा भाग वाळू. चिखल गुळगुळीत असतो, रेताड नाही. २ मिमी पसरा, ओल्या चमच्याच्या पाठीने डबक्यांचे खळगे दाबा. खळगा दीड मिमीपेक्षा खोल नको, नाहीतर बेस डगमगतो. पाऊण तास थांबा. बोटाला लेप चिकटत नाही पण दाबलं की खळगा पडतो, ही वेळ पकडा. बॉलपेनची रिकामी रिफिल घ्या, मागच्या टोकाची कड ब्लेडने एका बाजूला छाटा, म्हणजे नळीचं वर्तुळ उघडं होतं. तेच घोड्याचं खूर. खरा खूर १२–१३ सेंमीचा, स्केलला सव्वादोन मिमी. रिफिल जरा मोठी पडते, पण चिखलात ठसा पसरतोच. ठसे जोडीजोडीने, कडेला उथळ, मध्याकडे खोल, आणि मधोमध घसरल्यासारखे लांबट ओढलेले. लवकर दाबले तर कडा परत मिटतात, उशिरा दाबले तर पापुद्रा तडकतो.

रंग: सगळीकडे गडद तपकिरी, खळग्यांत त्यात काळा मिसळून. कडेला वाळलेला चिखल म्हणून फिकट करडा तपकिरी. कोरडा हात फक्त कडेला, ओल्या भागावर कोरडा हात मारला की तो वाळलेलाच दिसतो.

पाणकणसासाठी फुलझाडूचे तुरे. १२ ते १५ मिमीचे झुपके, बुडाशी धाग्याने बांधून खळग्यांच्या काठी रोवा. दलदलीची हद्द याच झुपक्यांनी आखा. घोडेस्वार आत आहे की बाहेर यावर वाद होऊ नये इतकी ती रेघ स्पष्ट असावी.

गोणपाट | शनिवार, रात्री ९:१५

पाण्यासाठी फेविकॉलच ओतला तर? वाळल्यावर पारदर्शक होतो.

मुळाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

होतो, पण जुलैच्या दमट हवेत पुन्हा दुधाळ आणि चिकट होतो, कारण वाळल्यावरही तो हवेतली ओल शोषतो. जाड ओतला तर वरून पापुद्रा धरून आत पांढराच राहतो. डबक्यांना ग्लॉस वार्निशचे तीन पातळ हात पुरतात, प्रत्येकात एक दिवस. फर्निचरचं पिवळसर वार्निश उरलं असेल तर चिखलाला ते जास्तच शोभतं. फक्त खाली थर्मोकोल असता कामा नये, म्हणूनच पाया थर्मोकोलचा सांगितला नाही. मुळेच्या पात्रासाठी खोली हवी असेल तर दोन भागांचं इपॉक्सी रेझिन, डब्यावर दिलेल्या प्रमाणात वजन करून. अंदाजाने मिसळलं तर ते कायमचं चिकट राहतं. एका वेळी ३ मिमी. आधी काठ वार्निशने बंद करा, नाहीतर रेझिन कापसासारख्या झुपक्यांतून वर चढतं आणि पाणकणीस खालून ओलं दिसतं.

बुरूज_७२ | रविवार, सकाळी ८:१०

कातळाचा रंग कसा जमवायचा? नुसता काळा आणि करडा मारला की डांबर दिसतं.

कातळकडा | रविवार, सकाळी ८:४५

पहिला हात काळा ३, तपकिरी १. शुद्ध काळा नको. दुसरा, कोरडा: करड्यात पिवळी माती मिसळून, फक्त आडव्या कडांवर. तिसरा अगदी हलका, जवळजवळ पांढरा, वरच्या काठावर. मग कड्याच्या पायथ्याला गेरूचं पातळ पाणी, कारण पावसात वरचा मुरूम खाली ओघळतो. थरांच्या मधल्या फटीत लालसर रेघ आली की तो बेसॉल्ट वाटायला लागतो.

कड्याचा पोत हवा असेल तर झाडाची वाळून पडलेली साल उभी लावा, खाचा खाली-वर येतील अशी. आडवी लावली तर लाकूडच दिसतं. लावण्याआधी साल ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवा, नाहीतर आतली कीड महिन्याभरात भुसा पाडते. लोणारी कोळसा दिसायला छान, पण वार्निश दिल्याशिवाय हात काळे करतो.

चुनेगच्ची | रविवार, सकाळी ११:३०

साठवणुकीबद्दल दोन ओळी, कारण पुठ्ठ्याचं काम पावसाळ्यात बिघडतं. खोक्याच्या पुठ्ठ्यात खळ असते, तिला कसर आणि झुरळं लागतात. घर आतूनही रंगवा, तळ आणि छताची खालची बाजूसुद्धा. उघडा पुठ्ठा कुठेही राहू देऊ नका. पोटमाळ्यावर ठेवणार असाल तर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पूर्ण वाळायच्या आधी डबा बंद केला तर ओल आतच कोंडते, म्हणून शेवटच्या हातानंतर आठवडाभर उघडं राहू दे.

नवशिका_११ | रविवार, दुपारी १२:१०

दलदलीचे तुकडे एकावर एक ठेवले तर चालतील ना?

मुळाकाठ | रविवार, दुपारी १२:३५

नको. एप्रिल-मे मध्ये ग्लॉस वार्निश मऊ पडतं आणि वरच्या तुकड्याचा तळ त्याला चिकटतो. मध्ये वर्तमानपत्र ठेवलंस तर अक्षरं डबक्यात उमटतील. डब्यात उभे ठेव, दोन तुकड्यांमध्ये २० मिमी मोकळी जागा राहील अशा खाचा थर्मोकोलच्या पट्टीत कापून, झुपके असलेली कड वर.